चौघा माननीयांस: चौकातला फळा मोकळा करा

प्रति,
आमच्या प्रभागातील चारही मा. नगरसेवक व नगरसेविका यांस,

स. न. वि. वि.

शहराचं नाव आणि तुमची नावं मुद्दाम लिहीत नाही. राज्यात महापालिका २९ आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणच्या वाचकांना हे पत्र आपल्याच प्रभागातून आलंय असं वाटेल, आणि वाटलं तर माझी हरकत नाही. तुम्हाला मात्र लगेच कळेल. नाल्याकडच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनबद्दल ग्रुपवर विचारणारी बाई मीच.

प्रश्न एका ओळीचा होता. सकाळी सव्वानऊला तुमच्या ग्रुपवर ‘प्रभागात विकासकामांचा धडाका’ असा मेसेज आला, खाली अकरा फोटो. त्यांतल्या नऊ फोटोंत नारळ होता. मी विचारलं, ‘नाल्याकडच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनसाठी अंदाजपत्रकात ठेवलेले चाळीस लाख आता कुठे आहेत?’ शिवी नाही, टोमणा नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. बारा मिनिटांनी स्क्रीनवर बारीक अक्षरांत ओळ उमटली की आता या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. त्या ग्रुपात आम्ही सहाशेच्या वर माणसं आहोत. सगळ्यांची तोंडं एका प्रश्नासाठी बंद झाली. मला त्याच दिवशी शेजारच्या तिघींचे फोन आले. एकीने तर विचारलं, ‘काकू, तुम्ही असं काय लिहिलंत हो?’ जणू मी काही वावगं बोलले.

तेव्हा आता सगळ्यांदेखत लिहिते.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुम्ही चौघंही पहिल्यांदाच निवडून आला आहात आणि मला ओळखण्याचं कारण नाही. मी १९८९ ते २०२१ अशी बत्तीस वर्षं नगरसचिव कार्यालयात मराठी लघुलेखिका होते. महासभेत महापौरांच्या व्यासपीठाखाली जे टेबल असतं, त्यावर पेन्सिल घेऊन बसणारी बाई. दहा-दहा मिनिटांनी आम्ही दोघी आलटून पालटून टिपण घ्यायचो, मग वर जाऊन ते उलगडून टाइप करायचो. सभागृहात कुणी महापौरांसमोरचा मानदंड, म्हणजे त्यांच्या अधिकाराची खूण असलेला दंड, पळवला तर आम्ही कंसात ‘गोंधळ’ असं लिहून पुढच्या वाक्याची वाट पाहायचो. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा टाइप केलेले शब्द ‘एकमताने मंजूर’. माझी शेवटची सभा कोविडमधली, ऑनलाइन. निम्मे सभासद स्वतःला म्यूट करून भाषण करत होते, आणि खरं सांगते, इतकं शांत सभागृह मी पाहिलं नव्हतं.

म्हणून तुमच्या कार्यालयात तुमच्याबद्दल काय बोलतात तेही ठाऊक आहे. तिथे नगरसेवकाला ‘माननीय’ म्हणतात, नुसतं. ‘माननीयांचा फोन आला होता’, ‘माननीय खाली आलेत’. या शब्दात आदर किती आणि धास्ती किती हे मला बत्तीस वर्षांत नक्की सांगता आलं नाही. मीही या पत्रात तुम्हाला माननीयच म्हणते.

तुमच्या निवडणुकीची आम्ही किती वाट पाहिली, हे तुम्ही विसरलात का, असं विचारावंसं वाटतं. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, आणि ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तरी प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांच्या वादात पावणेचार वर्षं गेली. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासूनच सभागृह रिकामं होतं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला. त्या दिवशी राज्यात २,८६९ जागांसाठी निवडणूक होती. त्यातल्या चार तुमच्या.

त्या पावणेचार वर्षांत आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव आयुक्तांनी ठेवायचा आणि स्थायी समिती म्हणून, महासभा म्हणून प्रशासकांनी तो मंजूर करायचा. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. तेव्हा फुटपाथ जरा मोकळे होते असं म्हणणारे आमच्या बागेत रोज भेटतात, आणि ते अगदीच खोटं बोलत नाहीत. पण त्या काळात जाब विचारायला कुणी नव्हतं. मी मतदानाला सकाळी साडेसातलाच गेले. मशीनवर चार वेळा बटण दाबलं, कारण मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी प्रभाग चार जणांचा. बाहेर आल्यावर वाटलं, चला, आता निदान विचारायला चार माणसं झाली.

आता तक्रारी.

पहिली अर्थातच त्या चाळीस लाखांची.

नाल्याकडच्या गल्लीत तुम्ही मतं मागायला आला होतात, तेव्हा हिवाळा होता. पावसाळ्यात तिथे काय होतं ते सांगते. कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण उचललं जातं आणि पाणी वर येतं. कुणीतरी त्यात बाभळीची फांदी उभी करून वर लाल चिंधी बांधतं, म्हणजे रात्री दुचाकीवाला पडू नये. भाजीवाली मावशी हातगाडीच्या चाकांखाली विटा ठेवते. चाळीच्या तळमजल्यावर एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. जोराचा पाऊस लागला की त्या मोरीच्या तोंडावर पाटा ठेवतात, आणि पाण्याने तो उचलला जाऊ नये म्हणून वर वरवंटा. तेवढ्यानेही भागलं नाही तर मुलाला हाक मारून वर भरलेली बादली ठेवून घेतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आजी म्हणाल्या, ‘आता यावर वाटण वाटत नाही गं, मिक्सर आणलाय.’

जुनी लाइन सहा इंची आहे, वरच्या बाजूला आता तीन सोसायट्या झाल्या. एवढं साधं कारण. पिण्याच्या पाण्याची लाइन तिच्याच शेजारून गेलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आली तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. आमच्या गल्लीत तसं काही झालेलं नाही. व्हायची वाट पाहू नये एवढंच म्हणणं.

तर या लाइनसाठी तरतूद होती. आम्ही दोन वर्षं अर्ज करून, क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालून ती अंदाजपत्रकात आणली होती. प्रशासकांच्याच काळात, हेही लिहून ठेवते. तुम्ही निवडून आल्यावर काही महिन्यांतच तीतले पस्तीस लाख दुसरीकडे गेले: प्रवेशद्वाराची कमान, बाके, आणि मधल्या रस्त्याचे पेव्हिंग ब्लॉक. ते ब्लॉक चांगले होते हो. उखडले तेव्हा मजूर ते एक-एक करून टेम्पोत रचून ठेवत होता. फुटके असते तर कुणी रचून ठेवतं का?

हे मला कसं कळलं? विषयपत्रिकेवरून. ‘उपलब्ध तरतुदीतून खालील कामांसाठी रक्कम वर्ग करणेस मान्यता देणेबाबत.’ हे वाक्य मी हजारो वेळा टाइप केलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. याला वर्गीकरण म्हणतात. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेला पैसा मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवायचा. कायदेशीर आहे, कधी कधी गरजेचंही असतं. पाइप फुटला, पूल खचला तर वर्षभर थांबून चालत नाही. पण कमान खचलेली नव्हती, कारण ती नव्हतीच. वर्गीकरणाच्या प्रस्तावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. या प्रस्तावावर सूचक तुमच्यातले एक आहेत आणि अनुमोदक दुसरे. उरलेले दोघे त्या सभेला हजर होते आणि गप्प होते.

तुमच्या मेसेजात कमान होती, बाके होती, ब्लॉक होते. जे लिहिलं होतं त्यातलं अक्षरही खोटं नाही. फक्त ते पैसे कुठल्या गल्लीतून आले एवढंच लिहिलं नव्हतं.

दुसरी तक्रार तुमच्या कार्यअहवालाची. चोवीस पानं, गुळगुळीत आर्ट पेपर, माझ्या दारात पेपरवाल्याने टाकला. जुनी खोड म्हणून मी तो पेन्सिल घेऊन वाचला. माननीयांची छायाचित्रं एकसष्ट. पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांची बावीस. पैशाचा आकडा एकही नाही. कुठल्या सभेला हजर, कुठला प्रश्न विचारला, त्याला आयुक्तांनी काय उत्तर दिलं, कुठल्या विषयाला विरोध केला, काही नाही. वाढदिवसाचं रक्तदान शिबिर दोन पानं. रक्तदान चांगलंच, पण ते करायला नगरसेवक कशाला लागतो? आमचं गणपती मंडळ करतं दरवर्षी.

सभागृहात जे काम होतं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच करता येत नाही. महिन्यातून निदान एक महासभा भरते. करांचे दर सभागृह ठरवतं, तेही २० फेब्रुवारीच्या आत. सोळा जणांची स्थायी समिती कोट्यवधींच्या निविदा मंजूर करते. आयुक्तांना उभं करून उत्तर मागायचा हक्क आख्ख्या शहरात फक्त तुम्हाला आहे. त्या हक्काचं काय केलंत, ते चोवीस पानांत कुठेही नाही.

तिसरी तक्रार लहान आहे, पण रोजची आहे. तुम्ही चौघं. ड्रेनेजची तक्रार घेऊन गेलं की ‘अ’ म्हणतात तो भाग ‘ब’ बघतात, ‘ब’ म्हणतात निधी ‘क’च्या नावावर आहे, ‘ड’चा फोन लागत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, आणि इथे तर घरं चार. निवडणुकीत चौघांचा फोटो एकाच पत्रकावर होता. तेव्हा हद्दी नव्हत्या.

यातच एक उपतक्रार, आणि ती फक्त दोघी ताईंसाठी आहे. ताई, तुमच्या जनसंपर्क कार्यालयाच्या पाटीवर जो नंबर आहे तो तुमच्या यजमानांचा, म्हणजे भाऊंचा आहे. दुसऱ्या ताईंच्या पाटीवर दिरांचा. मी नोकरीला लागले तेव्हा सभागृहात बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. पुढे तेहतीस टक्के झाले, २०११ पासून निम्म्या जागा झाल्या. सुरुवातीला थरथरत्या आवाजात लिहून आणलेलं भाषण वाचणाऱ्या, आणि तीन वर्षांत अधिकाऱ्यांची भंबेरी उडवणाऱ्या बायका मी टेबलावरून पाहिल्यात. एकीने एकदा पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला टँकरच्या खेपांचा हिशोब असा विचारला की माझी पेन्सिल थांबली. तुमच्यात ते नाही असं मी कसं मानू? पण मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, भाऊंच्या नाही. भाऊंना मी मत दिलेलं नाही.

चौथी. फ्लेक्स. चौकात या महिन्यात मी सात मोजले. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इतकं सविस्तर सांगून ठेवलंय की त्यावर मी नव्याने काय लिहू? शिवाय परवान्याचा क्रमांक फलकावर दिसायला हवा, तो एकावरही नाही. पण माझी खरी तक्रार एका विशिष्ट फ्लेक्सबद्दल आहे. पिंपळाच्या पारामागे भिंतीत जो वार्ताफलक आहे, त्याच्यावर ठोकलेला. तुमच्यातले तिशीचे जे माननीय आहेत त्यांना कदाचित तिथे फळा आहे हेच माहीत नसेल.

त्या फळ्याबद्दल सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

नव्वदच्या दशकात या वॉर्डाचे, तेव्हा वॉर्डच म्हणायचे, एक नगरसेवक होते. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सायकलचं दुकान होतं. फार बोलके नव्हते, पक्षही सत्तेतला नव्हता, निधी फारसा मिळायचा नाही. महासभा झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या कार्यालयात यायचे, माझ्यासमोर बाकावर बसायचे आणि विचारायचे, ‘बाई, काल आकडा एक लाख बहात्तर का एक लाख बावन्न?’ मी टिपण बघून सांगायची. ते खिशातल्या पाकिटाच्या मागे लिहून घ्यायचे. संध्याकाळी त्या फळ्यासमोर स्टुलावर चढून खडूने लिहायचे. मजकूर साधारण असा असायचा: या महिन्यात दोन प्रश्न विचारले. पाण्याच्या वेळेबद्दल उत्तर मिळालं, ते असं. दवाखान्याच्या डॉक्टरबद्दल उत्तर नाही. मधल्या गल्लीच्या दिव्यांचं काम या वर्षी होणार नाही, पैसे नाहीत.

‘होणार नाही.’ हे दोन शब्द सार्वजनिक भिंतीवर लिहिणारा दुसरा लोकप्रतिनिधी मी पाहिलेला नाही. लोक पारावर उभे राहून वाचायचे, भांडायचेही. एकदा कुणीतरी खाली वेगळ्या अक्षरात लिहिलं, ‘मग तुम्ही तिथे काय करता?’ त्यांनी ते पुसलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच्याच खाली उत्तर लिहिलं. ते दोनदा निवडून आले आणि तिसऱ्यांदा पडले, तेही सांगायला हवं. खरं बोलणारा जिंकतोच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

तर त्या फळ्यावर आता तुमच्यातल्या एका माननीयांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. वाढदिवस होऊन पाच आठवडे झाले.

पाचवी आणि शेवटची, ही जरा कायद्याची आहे, धीर धरा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, तोच १९४९चा जुना मुंबई प्रांतिक कायदा, त्यात २००९ साली कलम २९ च्या पोटात क्षेत्रसभा घातली आहे. गावात ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा. प्रभागाचे भाग पाडायचे, काही मतदान केंद्रं मिळून एक भाग. त्या भागातले सगळे मतदार त्या सभेचे सदस्य, आणि ती भरवायची जबाबदारी नगरसेवकाची. कामं सुचवायची, कुठलं आधी हवं ते ठरवायचं, अडचणी मांडायच्या. हे परदेशातून आणलेलं खूळ नाही. आपल्याच विधिमंडळाने केलेला कायदा आहे आणि तो सतरा वर्षं कपाटात आहे. मी नोकरीत असताना ‘क्षेत्रसभा’ हा शब्द सभागृहात किती वेळा आला ते मला बोटांवर मोजता येईल. चार जणांच्या प्रभागात ती कुणी घ्यायची यावर एकदा चर्चा झाली. चर्चा तहकूब झाली. नंतर तो विषय माझ्या कागदावर पुन्हा आला नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, काकू, लोक येतात कुठे? खरं आहे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अर्ज भरून अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. अर्ज भरणारे थोडेच असतात, आणि सुचवलेल्या कामाचं पुढे काय होतं ते एखाद्या पुणेकराला विचारून बघा, अर्धा तास मोडेल. तिथेच दर सोमवारी दुपारी तीन ते पाच माहिती अधिकाराचा अर्ज न करता फायली पाहायची सोय सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने ही सोय इतर कार्यालयांनाही लावली. आपल्याकडे मी गेले होते एका सोमवारी. टेबलावरची मुलगी माझ्याच जुन्या विभागातली. तिने चहा मागवला, आणि म्हणाली, ‘मॅडम, या कामासाठी या वर्षात आलेल्या तुम्ही दुसऱ्या.’ म्हणजे लोक येत नाहीत हे कबूल. पण ज्या ग्रुपवर सहाशे माणसं होती तो तुम्ही बंद केलात, त्याचं काय? तिथे तर लोक आले होते.

आता मागण्या. थोडक्यात लिहिते, कारण यात समजावण्यासारखं काही नाही.

नाल्याकडच्या गल्लीचे पस्तीस लाख परत त्याच कामाकडे आणा. जसे वर्गीकरणाने गेले तसे वर्गीकरणाने येतील. कमानीचा पाया झाला असेल तर तेवढा खर्च सोडा, बाकी वळवा. अगदीच जमणार नसेल तर तसं लेखी सांगा आणि पुढच्या अंदाजपत्रकात कुठल्या अर्थशीर्षकाखाली, किती, ते आत्ताच सांगा.

क्षेत्रसभा दर तीन महिन्यांनी, चौघांनी मिळून. संध्याकाळी सातनंतर, म्हणजे कामावरून परतलेली माणसं येतील, आणि महापालिकेच्या शाळेत, म्हणजे हॉलच्या भाड्याचा प्रश्न नाही. दोघी ताई स्वतः बोलतील.

प्रत्येक महासभेनंतर एक कागद. पाठपोट सुद्धा नको, एकच बाजू. हजेरी, विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं, प्रभागातली वर्गीकरणं सूचक-अनुमोदकांच्या नावासह, आणि जे काम होणार नाही त्याचं नाव. चौघांच्या सह्या. छायाचित्र नको.

ग्रुप खुला करा. शिवीगाळ करणाऱ्याला काढा, मीच तुम्हाला साथ देईन. पण प्रश्न विचारणाऱ्याला ठेवा.

आणि फळ्यावरचा फ्लेक्स काढा. इतर सहा फ्लेक्सचं क्षेत्रीय कार्यालय बघेल किंवा बघणार नाही, तो माझा या पत्रातला विषय नाही.

याच्या बदल्यात तुमच्यासाठी काय, असंही तुम्ही विचाराल, आणि विचारायला हरकत नाही. मी निवृत्त आहे, हात अजून चालतो. क्षेत्रसभेचं इतिवृत्त मी लिहून देईन, शब्दशः, फुकट. तुम्ही चांगलं बोललात तर चांगलं लिहिलं जाईल. कुणी उगाच आरडाओरडा केला तर कंसात ‘गोंधळ’ लिहीन, त्याचं नाव घालणार नाही. तुमच्या कागदाचं शुद्धलेखन तपासायलाही मी तयार आहे. कार्यअहवालात ‘कटीबद्ध’ चार ठिकाणी दीर्घ पडलंय.

हे पत्र आज दुपारी चारही कार्यालयांत पोच घेऊन दिलं आहे. तीन ठिकाणी शिक्का मिळाला. चौथ्या ठिकाणी भाऊ म्हणाले, ठेवून जा, बघतो. मी ठेवलं नाही, परत आणलं. ते ताईंच्या हातातच देईन. एक प्रत नगरसचिवांना आणि एक क्षेत्रीय अधिकाऱ्यांना.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही गल्लीतले लोक पिंपळाच्या पारावर बसणार आहोत. ती अधिकृत क्षेत्रसभा नाही, ती बोलावण्याचा अधिकार तुमचा. आम्ही नुसते बसणार आहोत. सतरंज्या गणपती मंडळाच्या मिळतील, विचारून झालंय. माईक लावायचा नाही, माणसं जवळ बसतील. पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात. तळमजल्यावरच्या आजी येणार आहेत, त्यांच्यासाठी एक खुर्ची. तुमच्यासाठी चार ठेवल्या आहेत.

कळावे,

आपल्या प्रभागातील मतदार,
एक निवृत्त लघुलेखिका

ता. क. फळा पुसायला ओलं फडकं आणि खडूंची पेटी मी घेऊन येईन. स्टूल सायकलच्या दुकानातून मिळेल, आता त्यांचा मुलगा बसतो तिथे.